गोट्यांचे गणकयंत्र

वेळ फुकट दवडणाऱ्या माणसाला ‘गोट्या खेळत बसला’ असे म्हणण्याची मराठीत रीत आहे. रीत जुनी आहे. ती न्याय्य आहेच, असे मात्र नाही. नेमकी गोटी टिपणाऱ्या मुलाच्या डोळ्याला आणि बोटांना अंतराचा, वेगाचा व कोनाचा जो अंदाज असतो, तो केवळ पुस्तके वाचून येत नाही. तरीही गोट्या आणि रिकामटेकडेपणा यांची सांगड भाषेत एकदा बसली ती बसलीच.

आता तर गोट्यांना जागाही उरलेली नाही. मुंबईच्या उत्तरेस, वसईच्या खाडीच्या अलीकडे असलेले मीरा-भाईंदर पाहावे. एके काळी येथे मिठागरे, शेते आणि कोळ्यांची गावे होती. १९८५ साली येथे नगरपरिषद आली, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि दोन स्थानकांच्या दोन्ही अंगांना इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. इमारतीच्या फरसबंद आवारात गोट्यांसाठी खड्डा खणता येत नाही. घरात त्या घरंगळल्या, तर खालच्या मजल्यावरचे शेजारी दार ठोठावतात. तेव्हा गोटी संगणकाच्या पडद्यावर गेली, यात नवल नाही. नवल आहे ते पुढेच. पडद्यावर गेलेल्या गोटीने तेथे गणित करावयास सुरुवात केली.

पदार्थविज्ञानाचे नियम पाळणारे काही खेळ संगणकावर मिळतात. स्वीडनमधील ऊमेओ विद्यापीठात शिकत असताना एमिल एर्नेर्फेल्ट यांनी प्रबंधासाठी असा एक खेळ रचला आणि २००८ साली तो लोकांसमोर आला. त्यातूनच पुढे ‘अल्गोडू’ हा खेळ निर्माण झाला. या खेळात शत्रू नाही, शर्यत नाही, गुणही नाहीत. कोरी जागा आहे आणि तिच्यात गुरुत्वाकर्षण आहे. मुलाने वर्तुळ काढावे, ते गोटी होऊन खाली पडते. तिरपी पट्टी काढावी, गोटी तिच्यावरून घरंगळते. पट्टीला मध्यभागी आस बसवावा, ती तराजूच्या दांडीसारखी झुकू लागते. घर्षण किती, उसळी किती, गोटीची घनता किती, हे सारे मुलाने ठरवावयाचे. एवढ्याच सामग्रीतून बेरीज करणारे यंत्र उभे करता येते, आणि जो विद्यार्थी ते उभे करतो त्याचा वेळ फुकट गेला असे म्हणणाऱ्यांनी ते यंत्र एकदा जवळून पाहिले पाहिजे.

त्या यंत्राचा प्राण म्हणजे एक छोटी झुकती पट्टी. तिच्या मध्यावर आस असतो आणि त्याच जागी एक उभा दांडा पडद्यासारखा बसवलेला असतो. पट्टी डावीकडे कललेली असली, की दांडाही डावीकडे झुकतो. मग वरून सरळ पडणारी गोटी दांड्याच्या उजव्या बाजूस येते. तिच्या भाराने पट्टीचा उजवा हात खाली जातो आणि गोटी उजवीकडून निघून जाते. पण जाता जाता ती पट्टीला उजवीकडे कलवून गेलेली असते! म्हणून दुसरी गोटी पडते ती दांड्याच्या डाव्या बाजूस. ती पट्टीला पुन्हा डावीकडे कलवते आणि डावीकडून निघून जाते. रेल्वेचे सांधे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे चटकन कळेल. सांधा ज्या बाजूला लावलेला असेल, त्या रुळावर गाडी जाते. फरक एवढाच, की रेल्वेचा सांधा कोणीतरी बदलावा लागतो. येथे प्रत्येक गाडी जाता जाता पुढच्या गाडीसाठी सांधा बदलून जाते.

डावीकडे कललेल्या पट्टीला शून्य म्हणावे, उजवीकडे कललेल्या पट्टीला एक. बस्स, अंक झाले. दहा अंकांची सवय असलेल्या माणसाला दोनच अंकांत कसे भागेल, असे वाटणे साहजिक आहे. परंतु मराठीच्या तासाला वृत्ते शिकलेल्या मुलाला याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. अक्षर लघु असते किंवा गुरु; तिसरा प्रकार नाही. तीन अक्षरांचा एक गण. मग गण आठच का? पहिल्या जागेचे दोन प्रकार, दुसऱ्या जागेचे दोन, तिसऱ्या जागेचे दोन. दोन गुणिले दोन गुणिले दोन म्हणजे आठ. न गणात तिन्ही अक्षरे लघु, म गणात तिन्ही गुरु, उरलेले सहा या दोहोंच्या मध्ये. पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंच्या अशा सर्व मांडण्या क्रमाने लिहून काढण्याची रीत सांगितलेली आहे. एवढ्यावरून पिंगलाने संगणक शोधून काढला असे कोणी म्हणू लागले, तर ती बढाई होईल. परंतु दोनच खुणांनी पुष्कळ काही मोजता येते ही गोष्ट या भूमीत परकी नव्हती, एवढे खरे.

तर अशा पट्ट्या एकीच्या डावीकडे दुसरी, किंचित खाली, या क्रमाने मांडतात. सर्वांत उजवीकडची पट्टी एकाची, तिच्या डावीकडची दोनाची, मग चाराची, मग आठाची. उजवीकडून निघालेली गोटी तळाच्या खोक्यात जाते. डावीकडून निघालेली गोटी पन्हळीतून पुढच्या पट्टीवर पडते. बेरीज शिकताना बाई ज्याला ‘हातचा’ म्हणतात, तोच हा हातचा! कागदावर तो आकड्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहितात. येथे तो घरंगळत जाताना दिसतो.

पाचात तीन मिळवून पाहावे. पाच म्हणजे चार आणि एक; म्हणून चाराच्या व एकाच्या पट्टीवर एकेक गोटी सोडली. दोन्ही पट्ट्या उजवीकडे कलल्या. तीन म्हणजे दोन आणि एक. एकाच्या पट्टीवर गोटी सोडली. ती पट्टी आधीच कललेली होती, ती परत शून्यावर आली आणि गोटी डावीकडून निघून दोनाच्या पट्टीवर पडली. दोनाची पट्टी एकवर गेली. आता दोनाच्या पट्टीवर तिची स्वतःची गोटी सोडली; ती पट्टी शून्यावर आली, गोटी डावीकडे गेली, चाराची पट्टी शून्यावर आणून आणखी डावीकडे गेली आणि आठाच्या पट्टीवर पडली. आता फक्त आठाची पट्टी कललेली आहे. उत्तर आठ. कोणी विचार केला? गोटीने केला नाही, पट्टीने केला नाही. प्रत्येक गोटी फक्त खाली पडली.

वर्णन वाचताना हे सोपे वाटते. प्रत्यक्ष करू लागले, की पहिल्या दिवशी उत्तर बरोबर येत नाही. बहुधा दुसऱ्या दिवशीही येत नाही. गोटी जोराने आदळली, तर पट्टी दुसऱ्या बाजूच्या खुंटीवर आपटून उसळते आणि परत मूळ जागी येते. गोटी गेली, पण मोजणी झालीच नाही. उसळी कमी करावी, तर गोटी पट्टीवरच रेंगाळते आणि मागून येणारी गोटी तिला अडखळते. मग मुलाच्या ध्यानात येते, की पट्टीचा गुरुत्वमध्य आसाच्या वर न्यावा. उभ्या दांड्याचे टोक थोडे जड केले, की पट्टी मध्येच डळमळत नाही. ती एका बाजूला नाही तर दुसऱ्या बाजूला ठामपणे पडते. गुरुत्वमध्याची व्याख्या पाठ करून परीक्षेत लिहिता येते. पण ती गरज म्हणून सुचणे वेगळे.

त्याहून मोठी अडचण वेळेची. वरच्या उदाहरणात एकाच्या पट्टीवरून आलेला हातचा आणि दोनाच्या पट्टीची स्वतःची गोटी एकाच क्षणी पोहोचल्या, तर दोघी दांड्याच्या एकाच बाजूस पडतात. पट्टी एकदाच कलते आणि एक हातचा नाहीसा होतो. उत्तर चुकते, आणि यंत्रात मोडलेले तर काहीच नसते. म्हणून डावीकडच्या गोट्यांची वाट लांबवावी लागते, किंवा मागची गोटी निघून जाईपर्यंत पुढचीला दाराशी थोपवावे लागते. भाईंदरच्या मिठागरांत हीच विद्या होती. खाडीला भरती आली, की दार उघडून पाणी आत घ्यावयाचे, दार बंद करावयाचे, आणि एका वाफ्यातले पाणी आटून घट्ट झाले म्हणजेच ते पुढच्या वाफ्यात सोडावयाचे. दार योग्य वेळी उघडले नाही, तर सगळे कष्ट पाण्यात. आजच्या संगणकातही दर क्षणी ठोके देणारे एक घड्याळ असते ते याचसाठी. त्याच्या ठोक्याशिवाय आतले एकही पाऊल पुढे पडत नाही.

ही कल्पना कालपरवाची नव्हे. जर्मन तत्त्वज्ञ आणि गणिती लायबनिझ याने १६७९ साली दोन अंकांच्या गणिताविषयी एक टिपण लिहिले, त्यात त्याने अशाच यंत्राचे वर्णन केले आहे. एका पेटीला भोके ठेवावीत. जेथे एक असेल तेथील भोक उघडे, जेथे शून्य असेल तेथील बंद. उघड्या भोकांतून गोट्या खालच्या पन्हळींत पडाव्यात. यंत्र त्याने बांधले नाही. पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेत गोट्यांनी बेरीज व गुणाकार करणारे खेळणे विक्रीस आले. मध्यंतरीच्या काळात गोटीची जागा विजेने घेतली होती. १९१८ साली इंग्लंडमध्ये एकल्स आणि जॉर्डन यांनी दोन निर्वात नळ्या एकमेकींना अशा जोडल्या, की एक चालू असली म्हणजे दुसरी बंद राहावी आणि एका धक्क्यासरशी दोघींनी जागा बदलाव्यात. झुकत्या पट्टीचाच हा अवतार. फक्त त्यात पडणारे काही नाही.

असल्या हजारो नळ्यांचे यंत्र मुंबईतच बांधले गेले, हे मीरा रोडच्या किंवा भाईंदरच्या मुलाने आवर्जून जाणून घ्यावे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. होमी भाभांच्या प्रोत्साहनाने आणि डॉ. नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली काही तरुणांनी १९५० च्या दशकात हे काम हाती घेतले. त्यांच्यापैकी बहुतेकांनी असले यंत्र पूर्वी कधी वापरले नव्हते. त्यांनी आधी एक लहान प्रायोगिक यंत्र करून पाहिले. मग मोठे यंत्र उभारले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. फेब्रुवारी १९६० मध्ये ते कामाला लागले आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफरॅक’ हे नाव दिले. यंत्र विकत आणणे अधिक सोपे नव्हते का, असा प्रश्न येथे कोणी विचारील. सोपे कदाचित असते. परंतु आणलेल्या यंत्राचे झाकण उघडण्याची छाती होण्यास पुष्कळ वर्षे लागली असती. ज्यांनी एकेक तार स्वतः जोडली, त्यांना यंत्राची भीती कसली वाटणार?

आज प्रश्न भीतीचाच आहे. ती भीती आदराचे कपडे घालून येते, इतकेच. दुकानदाराच्या यंत्राने बिल दिले, की गिऱ्हाईक बेरीज तपासत नाही. मराठीत प्रश्न टंकला, तर मराठीत उत्तर लिहून देणारी यंत्रे आता आहेत. त्यांचे उत्तर कधी बरोबर असते, कधी साफ चुकीचे असते, आणि दोन्ही वेळा सारख्याच ठामपणे दिलेले असते. त्या यंत्रांच्या तळाशीही एक-शून्याचे हेच व्यवहार आहेत. केवळ ते एका निमिषात अब्जावधी होतात. ज्याने पाच आणि तीन यांची बेरीज गोट्यांनी करून पाहिली, आणि दोन गोट्या एकदम आल्यामुळे ती बेरीज सहा झालेलीही पाहिली, तो मुलगा यंत्राला नमस्कार करून स्वस्थ बसणार नाही. तो विचारील: आत काय पडले, कोठे अडले? शाळेतील संगणकाचा तास पुष्कळ ठिकाणी टंकलेखनाने आणि चित्रे रंगवण्याने सुरू होतो. तो गोट्यांनी सुरू व्हावा.

वडीलधाऱ्यांचा आक्षेप मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. पडद्यापुढे तासन् तास बसल्याने डोळे शिणतात, झोप उडते. खेळ कितीही शहाणा असला, तरी तो रात्री दहानंतर मूर्खच. शिवाय पडद्यावरचा निसर्ग हा खरा निसर्ग नव्हे. तेथे गोटी पडत नाही. ती आता कोठे असेल याचा हिशेब संगणक सेकंदात अनेक वेळा करतो आणि तेथे तिचे चित्र काढतो. म्हणून फार वेगाची गोटी कधी कधी पातळ भिंतीतून आरपार निघून जाते, कारण एका हिशेबात ती भिंतीच्या अलीकडे असते आणि दुसऱ्यात पलीकडे. भिंतीला ती लागतच नाही. घर्षण शून्य करण्याची मुभाही तेथेच. १९८२ साली फ्रेडकिन आणि टॉफोली या दोघा शास्त्रज्ञांनी असे दाखवून दिले, की घर्षण मुळीच नसेल आणि चेंडू अगदी अचूक सोडता आले, तर त्यांच्या नुसत्या टकरींतून कोणतेही गणित करता येईल. कागदावर ते निर्दोष आहे. पण खऱ्या टेबलावर तसा चेंडू सोडणे कोणालाही जमणारे नाही, कारण प्रत्येक टकरीत बारीकशी चूक वाढत जाते.

तेव्हा पडद्यावर यंत्र चालले, की निदान दोन पट्ट्या तरी पुठ्ठ्याच्या किंवा लाकडाच्या करून पाहाव्यात. खिळा आस होईल, कोपऱ्यावरच्या दुकानात गोट्या मिळतील. लाकडाला पडद्यावर न भेटलेले पुष्कळ दोष असतात: पावसाळ्यात ते फुगते, खिळा किंचित वाकडा बसतो, एक गोटी दुसरीपेक्षा जड निघते. शेजाऱ्यांची क्षमा आधी मागून ठेवावी. गंमत अशी, की पडद्यावरच्या गोट्यांनी पाच आणि तीन मिळवावेत म्हणून खऱ्या संगणकाला आत लक्षावधी बेरजा कराव्या लागतात. लाकडाच्या यंत्राला एकही करावी लागत नाही. ते नुसते जागेवर उभे असते.

बेरीज जमली, की चौकस मुलाला पुढचा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही: वजाबाकी कशी करावयाची? गोट्या तर खालीच पडतात. पडलेली गोटी उलट वर चढून हातचा परत करील, अशी आशा नाही. उपाय असा आहे. यंत्रात चारच पट्ट्या घ्याव्यात, आणि आठातून तीन वजा करावयाचे आहेत असे समजावे. तीन हा आकडा चार जागांवर लिहिला, तर तो ०, ०, १, १ असा होतो. त्यातील प्रत्येक खूण उलटी करावी: १, १, ०, ०. त्यात एक मिळवावा: १, १, ०, १. आता आठाची पट्टी आधीच एकवर असलेल्या यंत्रात या नव्या संख्येच्या गोट्या सोडाव्यात. एकाच्या पट्टीवर एक गोटी. ती पट्टी कलते. चाराच्या पट्टीवर एक गोटी; तीही कलते. आठाच्या पट्टीवर एक गोटी. ती पट्टी शून्यावर येते आणि गोटी डावीकडून निघते. पण डावीकडे पुढची पट्टीच नाही. गोटी यंत्राबाहेर पडते आणि जमिनीवर घरंगळत दूर जाते. मागे चाराची आणि एकाची पट्टी कललेली राहते. चार आणि एक पाच. ती शेवटची गोटी यंत्राबाहेर गेली म्हणूनच उत्तर बरोबर आले.